दोन जागांचे बहुमत

अमेरिकेतील निवडणूक म्हटली की आपल्याकडील वृत्तपत्रांना व्हाइट हाऊसपलीकडे काही दिसत नाही. पण तेथील कामगाराची युनियन जगणार की मरणार, हे पुष्कळदा राज्यांच्या विधिमंडळांत ठरते. म्हणून आम्ही आज राज्यांविषयी लिहीत आहोत.

२०१० च्या नोव्हेंबरातील निवडणुकीनंतर विस्कॉन्सिन, मिशिगन व ओहायो या कारखानदारीच्या राज्यांत गव्हर्नरपद आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाच्या हाती एकवटली. (गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. ते निवडून येतात. मुख्यमंत्रीच म्हणा ना.) ज्या विस्कॉन्सिनने १९५९ साली देशात सर्वप्रथम नगरपालिका कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला, त्याच राज्यात २०११ साली स्कॉट वॉकर यांनी ‘अ‍ॅक्ट १०’ आणला. वाटाघाटी फक्त मूळ पगारावर, त्याही महागाईच्या दराच्या मर्यादेत. पगारातून वर्गणीची कपात बंद. आणि युनियनची मान्यता टिकवण्यासाठी दरवर्षी मतदान, ज्यात एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांची मते हवीत. म्हणजे जो घरी बसला, तो विरोधात मोजला गेला! पोलीस व अग्निशामक दलाला तेवढे वगळले. फोडा आणि झोडा ही नीती काही इंग्रजांचीच नव्हे. टपाल खात्यात चेक-ऑफवर आणि रेल्वेत गुप्त मतदानावर आपली मान्यता ठरते, तेव्हा याचा अर्थ आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. मॅडिसनच्या विधानभवनात कामगार ठाण मांडून बसले, पण कायदा झालाच. २०१२ साली वॉकर यांना परत बोलावण्यासाठी घेतलेल्या मतदानातही तेच जिंकले.

मिशिगन हे मोटार कामगारांचे राज्य. तेथे ११ डिसेंबर २०१२ रोजी ‘राइट टू वर्क’ कायदा मंजूर झाला आणि त्याच दिवशी गव्हर्नरांची सहीही झाली. नाव ‘काम करण्याचा हक्क’. प्रत्यक्षात युनियनने केलेल्या कराराचे लाभ घ्यावेत, पण तिला एक छदामही देऊ नये, याची ही मुभा. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने राज्यांना तशी वाट करून दिली आहे. (अमेरिकेतील रेल्वे कामगार यातून सुटले, कारण त्यांना १९२६ चा केंद्राचा स्वतंत्र कायदा लागू आहे.)

पुढे पारडे फिरले ते केवळ लोकमताने नव्हे. मतदारसंघांच्या सीमा आखणारे आमदारच असल्यावर मते कोणालाही पडोत, जागा त्यांच्याच. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली वॉकर पडले, पण त्याच दिवशी ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकनांनी राखल्या. मिशिगनच्या मतदारांनी त्याच वर्षी सीमा आखण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवले. २०२२ साली नव्या सीमांवर निवडणूक झाली आणि सुमारे चाळीस वर्षांनी सारी सत्ता डेमोक्रॅटांकडे आली; हाऊसमध्ये ५६ विरुद्ध ५४. मार्च २०२३ मध्ये ‘राइट टू वर्क’ रद्द करण्यावर सही झाली. १९६५ साली इंडियानाने असा कायदा रद्द केला होता, त्यानंतरची ही पहिलीच वेळ.

डेमोक्रॅट म्हणजे कामगारांचे तारणहार, असे मात्र आम्ही मानत नाही. २००९-१० मध्ये केंद्रात त्यांचे भक्कम बहुमत असूनही युनियन बांधणे सोपे करणारे विधेयक त्यांनी बाजूला ठेवले. उलट मिझुरीत पहा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथील मतदारांनी ‘राइट टू वर्क’ ६७ टक्के मतांनी फेटाळला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा रिपब्लिकनांनाच निवडून दिले. ओहायोतही २०११ साली जनमताने युनियनविरोधी कायदा पाडला आणि ज्यांनी तो आणला त्या केसिक यांना २०१४ साली प्रचंड बहुमताने परत पाठवले. आम्हाला यात नवल वाटत नाही. युनियनच्या पेटीत एका बाजूला आणि विधानसभेच्या पेटीत दुसऱ्या बाजूला मत टाकणारे सभासद आपल्या शाखांतही थोडे नाहीत. त्यांना मूर्ख ठरवून भागत नाही. मिझुरीच्या कामगारांनी घरोघर जाऊन पक्ष नव्हे, तर तो कायदा समजावून सांगितला आणि तेवढ्यापुरते ते जिंकले.

२०२४ च्या नोव्हेंबरात मिशिगनचे हाऊस पुन्हा रिपब्लिकनांकडे गेले, ५८ विरुद्ध ५२. सिनेट व गव्हर्नर डेमोक्रॅटच राहिल्याने रद्द झालेला कायदा परतला नाही. रद्द करण्याचा तो बदल १३ फेब्रुवारी २०२४ पासून अंमलात आला होता. ज्या दोन जागांच्या बहुमताने तो केला, ते बहुमत नऊ महिन्यांत गेले.