सहा तासांचं अपडेट

विरार फास्टने रोज चर्चगेट गाठणाऱ्यांनो, एक हिशोब करा. जाऊन-येऊन साधारण तीन तास, दोन दिवसांचे झाले सहा. आता दुसरा हिशोब बघा. महाराष्ट्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला दर पाच वर्षांनी मेडिकल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट्स जमवावे लागतात. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमांतही पाच वर्षांत ३० तास हेच गणित होतं. म्हणजे वर्षाला सहा तास! आपले सोमवार-मंगळवार लोकलला लटकण्यात जातात, तेवढ्यात डॉक्टरसाहेब वर्षभरासाठी अपडेट. अर्थात हे किमान झालं, कितीतरी डॉक्टर याहून जास्त शिकतात.

या प्रकाराला डॉक्टर मंडळी 'सीएमई' म्हणतात. रविवार, हॉटेलचा हॉल, बाहेर औषध कंपनीचा स्टॉल, आत डायबेटिसच्या नव्या गोळीवर लेक्चर आणि मग जेवण. नवी गोळी कळायला हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोर बसलेला पेशंट गरीब असेल, आपली भाषा न बोलणारा असेल, तर त्यालाही आपण तीच ट्रीटमेंट देतो का, हा विषय प्रोजेक्टरवर क्वचितच येतो. आणि डॉक्टर स्वतः नीट झोपतो का, हा तर त्याहून क्वचित.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये यावर चक्क कायदा केला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे पेशंटच्या उपचारांवरच्या सीएमईमध्ये डॉक्टरच्या मनात नकळत बसलेल्या पूर्वग्रहांचा भाग असावाच लागतो. 'अमेरिकेचे चोचले' म्हणून हसण्याआधी जरा वसईत फिरून या. पश्चिमेच्या गावांत कादोडी बोलणारी आजी, पूर्वेच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत यूपी-बिहारची पोरं आणि नव्या टॉवर्समध्ये आपण, लॅपटॉपवाले. एकाच तालुक्यातली ही माणसं एकाच सकाळी एकाच दवाखान्यात येऊ शकतात.

माझी एक मैत्रीण नालासोपारा पूर्वेला प्रॅक्टिस करते. 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' हे ती वर्षानुवर्षं लिहीत आली. एकदा गाळ्यातल्या एका पोराने सरळ सांगितलं, मॅडम, मी दोनदाच जेवतो. तेव्हापासून ती आधी विचारते, किती वेळा जेवता? कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं म्हणाली.

"मग सगळ्यांना विचारतेस?" मी विचारलं.

"पहिल्या चाळीस जणांना. रात्री साठावा पेशंट आला की काही विचारत नाही ग, लिहून मोकळी होते."

माझ्या मते खरी गोम इथे आहे. डॉक्टर दमला की शॉर्टकट मारतो, पण त्या शॉर्टकटची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. आपण गुगल करून गेलेलो असतो, उलट प्रश्न विचारतो, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपही करतो. पाड्यावरची बाई मान डोलावून निघून जाते. म्हणून डॉक्टरची झोप आणि गरिबाला मिळणारी वागणूक हे दोन वेगळे विषय नाहीतच. 'बीएमजे ओपन'मध्ये २०१७ साली जगभरच्या प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये २२ मिनिटं, भारतात जेमतेम दोन. दोन मिनिटांत जेवणाची चौकशी कुठे बसवणार?

दमण्याची सवय तर कॉलेजातच लागते. नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये अहवाल दिला. पीजी करणाऱ्यांपैकी ४५ टक्के जण आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करतात आणि निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टीच नाही. टास्क फोर्सने सुचवलेली मर्यादा आहे ७४ तास. आपला एचआर हे ऐकून चक्कर येऊन पडेल!

शिकवून फरक पडतो का? वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. 'जिन्यावरून पडले' म्हणत आलेल्या बाईला खरंच काय झालंय हे ओळखायचं आणि तिच्याशी कसं बोलायचं, याचं ट्रेनिंग तिथल्या डॉक्टर-नर्सना मिळालं. पुढे हे मॉडेल इतर हॉस्पिटल्सनीही उचललं. २०१९ पासून एमबीबीएसला अॅडमिशन घेतलेल्यांना संवाद आणि एथिक्स अभ्यासक्रमातच आहे. पण आज तुमच्या-माझ्या सोसायटीखाली बोर्ड लावून बसलेले बहुतेक डॉक्टर त्याआधीचे. त्यांच्यापर्यंत पोचायला सीएमईच हाताशी आहे.

मैत्रिणीला म्हटलं, सहातला एकच तास यासाठी ठेवा. स्पीकर म्हणून गाळ्यातल्या त्या पोरालाच बोलवा.

"आयडिया मस्त आहे," ती म्हणाली, "पण जेवण कोण स्पॉन्सर करणार?"