बाहेरचे दार कोणाच्या हाती?

१९८१ साली अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील कॉलिन्सव्हिल या लहानशा गावी एका घटस्फोटित महिलेने आपल्या चर्चच्या वडिलांना पत्र लिहिले. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे पदाधिकारी. तिच्या खासगी आयुष्याविषयी त्यांनी तिची चौकशी मांडली होती. कबुली द्या, भर मंडळीसमोर पश्चात्ताप करा, असा तगादा सुरू होता. अखेर तिने सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि माझ्या घरच्या गोष्टी चारचौघांत बोलू नका, एवढीच विनंती केली. वडिलांचे उत्तर विलक्षण होते. मंडळीचे सभासदत्व सोडता येतच नाही, आमच्या सिद्धांतात तशी तरतूद नाही, असे त्यांनी कळवले. मग तिचे 'पाप' भर उपासनेत जाहीर झाले आणि शेजारच्या चार मंडळ्यांनाही कळवण्यात आले.

ती बाई न्यायालयात गेली. १९८४ मध्ये ज्यूरीने तिला ३,९०,००० डॉलर भरपाई देवविली. १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा फिरवून भरपाईचा प्रश्न पुन्हा खालच्या न्यायालयाकडे धाडला. मात्र जाता जाता एक रेषा स्पष्ट आखली. सभासद असेपर्यंत चर्चने केलेली शिस्तीची कारवाई हा धर्माचा अंतर्गत मामला, त्यात न्यायालय पडणार नाही. राजीनामा दिल्यानंतरची कारवाई मात्र कायद्याच्या कक्षेत येते, कारण तेव्हा त्या व्यक्तीची संमती संपलेली असते.

आपल्याकडे धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की सारी चर्चा आत येण्याच्या दारापाशी घुटमळते. कोणी कोणता पंथ स्वीकारावा, प्रचाराला मोकळीक किती असावी, राज्यांचे कायदे न्याय्य की जाचक, यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात. बाहेर पडण्याच्या दाराकडे कोणी पाहत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सर्वांना सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. 'नाही' म्हणण्याचे, शंका विचारण्याचे, उठून निघून जाण्याचे स्वातंत्र्य त्यात आले की नाही? आणि ज्या संस्था जगभर या स्वातंत्र्याच्या नावाने बोलतात, त्यांनी आपल्याच कळपात ते किती शिल्लक ठेवले आहे?

'कळप' हा शब्द आम्ही हेटाळणीने योजलेला नाही. तो त्यांचाच आहे. पाळक म्हणजे मेंढपाळ, सभासद म्हणजे मेंढरे. मूळ कल्पना वात्सल्याची होती. पण १९७० च्या दशकात फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथील पाच धर्मोपदेशकांनी तिचे एका व्यवस्थेत रूपांतर केले. प्रत्येक श्रद्धावंताच्या डोक्यावर एक 'मेंढपाळ', त्या मेंढपाळाच्या डोक्यावर दुसरा, अशी उतरंड रचली गेली. लग्न कोणाशी करावे, नोकरी बदलावी काय, घर कोठे घ्यावे, हे वरच्याला विचारून ठरू लागले. डोक्यावरचे हे छत्र सोडले की मनुष्य सैतानाच्या माऱ्यात उघडा पडतो, ही भीती बाकीचे काम करी. १९७५ मध्येच त्यांच्याच पंथातील मोठमोठ्या प्रचारकांनी याविरुद्ध आवाज उठवला. या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९८९ मध्ये जाहीर क्षमा मागितली. तोवर किती संसारांचे निर्णय परक्यांनी घेतले होते, याची मोजदाद कोणी केली?

क्षमा मागितली गेली, पण साचा मोडला नाही. त्याची सर्वांत मोठी आवृत्ती सिएटल शहरात निघाली. १९९६ मध्ये मार्क ड्रिस्कॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्थापलेले 'मार्स हिल' हे चर्च पुढे पाच राज्यांत, पंधरा ठिकाणी पसरले. दर आठवड्याला बारा हजारांहून अधिक माणसे तेथे जमत. संगीत आधुनिक, वेशभूषा आधुनिक, प्रवचन तरुणांच्या भाषेत. आतली सत्ता मात्र सरंजामी. २००७ मध्ये नवी घटना आली. आजवर कारभारात मत असलेल्या वडिलांचे अधिकार काढून ते मूठभर कार्यकारी मंडळींच्या हाती द्यायचे, असा तिचा आशय होता. दोघा वडिलांनी हरकत घेतली. दोघांनाही नोकरीवरून काढण्यात आले. आपल्याच सहकाऱ्यांपुढे त्यांची चौकशी झाली. त्यांपैकी एकावर ठेवलेला दोष काय, तर नेतृत्वाविषयी अविश्वास आणि अनादर! पैशांचा अपहार नाही, दुराचार नाही, फक्त अविश्वास. पुढे त्याच्या कुटुंबाशी संबंध ठेवू नका, असे सभासदांना सांगण्यात आले. ज्यांच्या मुलांबरोबर आपली मुले खेळली, त्यांच्या घरी जाणे लोकांनी एका रात्रीत बंद केले. ड्रिस्कॉल यांनी त्याच सुमारास सहकाऱ्यांसमोर काढलेले उद्गार ध्वनिमुद्रित आहेत: आपल्या बसमागे प्रेतांचा ढीग पडला आहे आणि देवाच्या कृपेने त्याचा डोंगर होईल, असा त्यांचा भावार्थ. हे देवाच्या घरातील भाषण आहे!

सभासद होताना येथे एका करारावर सही करावी लागे. २०१२ मध्ये त्या कराराचा अर्थ जगाला कळला. आपल्या वाग्दत्त वधूशी प्रतारणा केल्याची कबुली एका तरुणाने स्वतःहून दिली होती. त्याच्यापुढे शिस्तीचा कागद ठेवण्यात आला. आजवरच्या आपल्या सर्व स्त्रीसंबंधांचा तपशीलवार लेखी इतिहास सादर करावा, हे त्यातील एक कलम. त्याने नकार देऊन चर्च सोडले, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, म्हणजे कसे वागू नये, याचे पत्रक सभासदांना गेले. कॉलिन्सव्हिलला तीस वर्षे उलटली होती. दार अजून त्याच हातांत होते.

आता पैशाचा भाग, कारण येथे आपल्या देशाचा संबंध येतो. मार्स हिलचा एक 'जागतिक निधी' होता. त्याच्या आवाहनात इथिओपिया आणि भारत येथील कार्याची चित्रे दाखवली जात आणि सिएटलचा भाविक सद्भावनेने खिसा रिकामा करी. २०१४ मध्ये चर्चलाच मान्य करावे लागले, की या निधीशी जोडलेला खर्च मुख्यतः अमेरिकेतच होत असे. म्हणजे दारिद्र्याचे प्रदर्शन आमचे आणि विस्तार त्यांच्या शाखांचा! चार माजी सभासदांनी २०१६ मध्ये खटला भरला, पण तो सुनावणीपर्यंत पोहोचलाच नाही. ड्रिस्कॉल यांचे विवाहावरील पुस्तक 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत वर चढावे म्हणून एका कंपनीला किमान २,१०,००० डॉलर चर्चच्या तिजोरीतून दिल्याचेही याच काळात उघड झाले. भाविकांच्या देणगीतून लेखकाची कीर्ती विकत घेण्याचा हा प्रकार होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. हे सारे बाहेर काढणारे कोणी धर्मद्वेष्टे नव्हते. प्राध्यापक वॉरन थ्रॉकमॉर्टन यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे तपासून ती छापली. ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. २०१४ च्या उन्हाळ्यात औपचारिक आरोपपत्र दिले ते एकवीस माजी वडिलांनी. ज्यांनी २००७ मध्ये त्या दोघांविरुद्ध कौल दिला होता, त्यांतील अनेकांनी त्याच वर्षी लेखी क्षमा मागितली. सात वर्षे उशिरा, पण मागितली. आपले मेंढरू सोडून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांची झाडाझडती यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायात आहे. ती या मंडळींनी वाचली होती आणि तिला ती जागली. आमचा आक्षेप त्यांच्या श्रद्धेवर नाही. त्या श्रद्धेचा लगाम करणाऱ्यांवर आहे.

आमच्याकडे बुवा-बाबा नाहीत काय, असा प्रश्न येईलच. आहेत, आणि त्यांना पाठीशी घालण्याचे आम्हाला कारण नाही. गुरमीत राम रहीम २०१७ मध्ये आणि आसाराम २०१८ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. या प्रकरणांच्या वेळी वृत्तवाहिन्यांवर रात्रंदिवस चर्चा झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण पाश्चात्त्य देशांतील असाच मनमानी कारभार उघड झाला की त्याला 'नेतृत्वशैलीतील दोष' असे सौम्य नाव मिळते. आमच्या बाबाच्या भक्ताला अंधश्रद्ध म्हणायचे आणि सिएटलच्या संगणक अभियंत्याने करारावर सही केली की ती त्याची निवड म्हणायची, हा दुटप्पीपणा कशासाठी? दोघेही एकाच जागी फसले आहेत: शंका घेणे हेच पाप, हे दोघांनाही पहिल्या दिवशी शिकवले गेले.

मार्स हिलचे पुढे काय झाले? ड्रिस्कॉल यांनीच उभारलेल्या 'ॲक्ट्स २९' या चर्चसंघाने ऑगस्ट २०१४ मध्ये मार्स हिलला बाहेर काढले. ऑक्टोबरमध्ये ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला. उद्धटपणा, शीघ्रकोप आणि वर्चस्व गाजवणे हे दोष त्यांच्या ठायी आढळले, मात्र ते अपात्र ठरत नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष होता. वर्ष संपताच ते साम्राज्य विसर्जित झाले. देवाने आपल्याला तेथून मुक्त केले, असे ते पुढे सांगू लागले. सभासदांच्या राजीनाम्याला जी मुभा नव्हती, ती त्यांच्या राजीनाम्याला थेट वरून मिळाली होती! २०१६ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे 'ट्रिनिटी' नावाचे नवे चर्च उघडले. २०२१ मध्ये मार्स हिलच्या तीन डझनांहून अधिक माजी वडिलांनी त्यांनी पद सोडावे, अशी लेखी मागणी केली. तोवर स्कॉट्सडेलहूनही कुटुंबे बाहेर पडू लागली होती आणि त्यांच्या तक्रारींत, मागे राहिलेल्यांनी बोलणे टाकले, हे वाक्य पुन्हा होते.