पडीक म्हणजे कोणाची?

मराठीतले काही शब्द दिसायला मोठे गरीब असतात, पण उपद्व्याप करतात थोरामोठ्यांसारखे. 'पडीक' हा त्यांतलाच एक. सरकारी कागदावर एखाद्या जमिनीपुढे तो जाऊन बसला, की शहरातल्या माणसाला ती जमीन बेवारशी वाटू लागते. गावात जाऊन पाहावे, तर तिथे धनगराची मेंढरे चरत असतात आणि कुणी म्हातारी सरपण गोळा करीत असते.

यंदा हा शब्द आठवला तो विजेमुळे. कोळशाचा धूर कमी करायचा तर उन्हाची वीज हवी, हे खरेच. पण ऊन फुकट मिळाले तरी ते झेलायला जागा लागते. एका मेगावॉटला चारपाच एकर तरी हवेतच. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड येथे २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुमारे १३,००० एकरांवर पसरला आहे. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपयांपासून. दुष्काळी मुलखात ही रीत मला चांगलीच वाटते. मात्र भाडे मिळते ते उताऱ्यावर नाव असलेल्याला. त्याच शेतात खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव कुठल्या उताऱ्यावर शोधायचे?

आपल्याकडच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे ठरले आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्रीबेरात्री पाणी धरायला जाणे चुकावे, हा तिचा हेतू; त्याला नावे ठेवणारा माणूस कधी अंधारात बांधावरून चाललेला नसावा. पण जागा म्हणून गायरान पुढे आले, की गावात दोन तट पडतात.

आता हे प्रश्न सोडवायचे कोणी? पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनीच. आणि इथेच आमची मास्तर मंडळी उघडी पडतात. इंजिनिअरिंगच्या मुलाला तावदान किती अंशांत कलवावे ते कळते, अर्थशास्त्राच्या मुलीला युनिटचा दर कळतो, कायद्याच्या विद्यार्थ्याला करारनामा कळतो. एकाच आवारात चहा पिणारी ही तिघे एका बाकावर मात्र कधी बसत नाहीत. अपवाद आहेत. आयआयटी मुंबईत 'सितारा' नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे, तिथल्या एम. टेक.च्या विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. पण असा मुक्काम अपवाद म्हणून सांगावा लागतो, हेच दुखणे आहे.

या बाकावर मी इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यालाही बसवीन. मुळशीचेच पाहा. टाटांची ती वीज पाण्याची होती, बिनधुराची होती, मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. तरीही १९२१ साली मावळे शेतकरी सेनापती बापटांसह धरणाच्या आड उभे राहिले, कारण बुडणार होती त्यांची भाताची खाचरे. तीनेक वर्षे झुंज झाली आणि धरण झालेच. वीज स्वच्छ असली म्हणजे व्यवहारही स्वच्छ असतो असे नाही, हे शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीत दिसून गेले आहे. तावदाने बसवायला निघालेल्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर तो तीच चूक नव्या यंत्राने करील.

मराठीच्या विद्यार्थ्याचे तिथे काय काम, असे माझ्याच एका सहकाऱ्याने विचारले. उत्तरादाखल मी एम. ए.च्या वर्गापुढे जमीनभाड्याच्या कराराचा एक नमुना ठेवला. 'सदर मिळकतीचा निर्वेध कब्जा' या शब्दांपाशी वर्ग अडला. ज्ञानेश्वरीवर टिपणे काढणारी मुले ती, पण 'निर्वेध' पुढे सरकेना. अखेर मागच्या बाकावरची, शेतकऱ्याच्या घरची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे पंचवीस वर्षं बैलसुद्धा आत न्यायचा नाही." अर्थ नेमका तोच. तेवढे एक वाक्य करारात असते, तर आंगठा उमटवणाऱ्याने उमटवण्यापूर्वी दोन प्रश्न तरी विचारले असते: बांधावरची झाडे कोणाची, आणि मुदत संपल्यावर ते खांब उपटायचे कोणी?

असा अभ्यासक्रम काढला तर परीक्षा कशी घ्यायची, ही शंका आमच्या क्षेत्रात सर्वांत आधी निघते. माझे मत असे, की तोंडी घ्यावी, आणि चावडीवर घ्यावी. इंजिनिअरने, वकिलाने आणि माझ्या मराठीवाल्याने मिळून एखाद्या मेंढपाळ बाईला योजना समजावून सांगावी; तिने ती आपल्या शब्दांत परत सांगितली, की तिघेही पास. अशा परीक्षकाचा भत्ता कोणत्या खाती टाकायचा, एवढे फक्त विद्यापीठाच्या लेखाविभागाला विचारून घ्यावे लागेल.