बधिर तळपाय आणि आपली घाई

पॅक्लिटॅक्सेल वा ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असलेला रुग्ण हातापायांच्या मुंग्या, तळपायांची जळजळ, सुन्नपणा सांगू लागला की आपल्या मनात वातव्याधी येतो व हात त्रिकटुयुक्त योगांकडे वळतो. जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या असतातच. आम्हीही असे केले आहे. आता करीत नाही. त्याची कारणे व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

जपानमध्ये या त्रासावर 'गोशाजिंकिगान' हा दहा द्रव्यांचा पारंपरिक योग विश्वासाने दिला जात असे. दालचिनी व संस्कारित वत्सनाभवर्गीय मूळ त्यात आहे, म्हणजे आपल्याला परका वाटू नये असाच तो योग! ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्या रुग्णांत त्याची प्लासिबोशी तुलना झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार योग घेणाऱ्यांतच त्रास अधिक आढळला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन घेणाऱ्यांतही त्रास अधिकच आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सिस्प्लॅटिनयुक्त उपचारासोबत ब-६ दिलेल्या बीजकोशाच्या कर्करोगाच्या रुग्णांत (१९९२) मज्जातंतूंचा त्रास घटला खरा, पण रोग आटोक्यात राहण्याचा काळही घटला. हा सौदा कोणता रुग्ण पत्करील?

पिंपळी-मिऱ्यांतील पायपरीन यकृतातील काही विकरांना अडविते, असे प्रयोगशाळेत दिसते. पॅक्लिटॅक्सेल व व्हिन्क्रिस्टीन यांचे विघटन अशाच विकरांकरवी होते. ज्या योगवाही गुणाची आपण थोरवी गातो, तोच येथे विषाक्ततेस निमित्त होऊ शकतो.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रतिबंधासाठी एकाही औषधाची शिफारस केली नाही. वेदना जडल्यावर ड्युलॉक्सेटिन तेवढे सुचविले. मात्रा कमी करणे वा पुढे ढकलणे, हाच मुख्य उपाय राहतो; आणि तो कर्करोगतज्ज्ञाला लक्षण कळले तरच होतो. आपल्या पुडीने बरे वाटले म्हणून रुग्णाने ते लपविले, तर आपणच हानीला हातभार लावला.

म्हणून औषधालयाच्या मालकांनीही वातहर गोळ्या देण्यापूर्वी 'केमो चालू आहे का?' एवढे विचारावे. आम्ही पोटातून काही न देता तज्ज्ञांना चिठ्ठी लिहितो. त्यांची संमती असल्यास, त्वचा अखंड पाहून कोमट तिळतेलाचा हलका पादाभ्यंग सुचवितो. स्वेदन मात्र नाही. बधिर पायाला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने उठलेले फोड आम्ही पाहिले आहेत.