पवित्र प्रभाकर मराठी बोलतो, पण कुठली?

मागच्या शनिवारी नांदेडला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, हे बघा, स्पायडरमॅन मराठी बोलायलाय!" ट्रेलर होता २०२३ च्या 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'चा, म्हणजे तसा शिळाच. मी तो तेव्हाही मराठीत पाहिला होता. आणि तेव्हा जे झालं तेच परवाही झालं: आधी लई भारी वाटलं, आणि मिनिटभरात कुठंतरी खटकलं. आता पुढचा भाग, 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', २०२७ मध्ये येणार असं जाहीर झालंय. त्याचा टीझर आला की सगळे (मीसुद्धा) उड्या मारण्यात गुंग होणार, म्हणून जे म्हणायचंय ते आत्ताच लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला ऍनिमेशनपट २०१८ चा, त्याला ऑस्कर मिळालं. दुसऱ्याची पहिली झलक डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि भारतात तो १ जून २०२३ ला लागला. तोही चक्क दहा भाषांत: इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, गुजराती, पंजाबी, बंगाली आणि मराठी. ही यादी वाचून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर नांदेडचा बाजार. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी, देगलूर-बिलोलीकडून येणाऱ्यांची तेलुगू, आमच्या लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याच्या बाजूला कन्नड, हिंदी सगळीकडं, आणि मराठी तर आहेच. दहापैकी पाच भाषा आमच्या दोन जिल्ह्यांतच निघाल्या!

या भागात मराठी हवीच, त्याला आणखी एक कारण होतं: पवित्र प्रभाकर. हा भारतीय स्पायडरमॅन मूळ २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या कॉमिकमधला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो उभा केला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन. आपण नुसतं भाषांतर करत नाही, ही गोष्ट इथल्या मातीत नव्यानं रचतोय, अशी त्यांची भूमिका होती. त्यातला पवित्र खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईत शिकायला येतो, धोतर नेसतो, आणि शाळेतली पोरं त्याच्या कपड्यांना हसतात.

हे वाचलं तेव्हा मी दचकलो होतो. लातूरहून पुण्याला इंजिनियरिंगला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर कोणीतरी विचारलं, काय करतोस? मी म्हणालो, "जेवायलोय." खोलीतले सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण मी दोन महिन्यांत 'जेवतोय' म्हणायला शिकलो. घरी फोनवर 'जेवायलो' आणि खोलीत 'जेवतोय'. धोतराची गोष्ट मला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

तर, खटकलं ते हेच. पात्र रुजवायला इतके कष्ट घेतले, पण भाषा मात्र नुसती बदलली. निदान ट्रेलरपुरतं मला तरी असं वाटलं की सगळेच स्पायडरमॅन एका वर्गात, एकाच बाईंच्या हाताखाली मराठी शिकलेत. भाचा म्हणाला, "हे पुस्तकातल्यासारखं बोलायलेत." दहा वर्षांचं पोरगं आहे, त्याला समीक्षा वगैरे कळत नाही.

आमच्या धंद्यात हा आजार जुना आहे. एका प्रोजेक्टमध्ये मराठी आवृत्ती करायची होती. इंग्रजी शब्दांची एक फाईल बाहेर पाठवली, मराठी शब्दांची फाईल परत आली. 'सेव्ह' बटणावर लिहून आलं होतं 'वाचवा'! :) भाषांतर करणाऱ्याची चूक नव्हती, त्याला स्क्रीनच दाखवला नव्हता. कोण बोलतोय, कुणाशी, कुठं उभा राहून, हे न सांगता नुसते शब्द पाठवले की 'वाचवा'च येणार.

आता कोणी म्हणेल, पवित्र तर मुंबईचा (सिनेमात 'मुंबॅटन'चा), तो मराठवाड्यासारखं कशाला बोलेल? बरोबर आहे, त्यानं मुंबईच्या पोरासारखंच बोलावं. पण मूळ इंग्रजी सिनेमा ऐका. त्यात हॉबी ब्राऊन नावाचा पंक स्पायडरमॅन आहे, डॅनियल कलूयाच्या आवाजातला. तो अस्सल लंडनच्या कॅम्डनचं बोलतो आणि त्याच्या बंडखोरपणातला अर्धा भाग त्या बोलण्यातच आहे. मूळ सिनेमाला बोलीची लाज नाही, उलट तो तिच्यावर खेळतो. म्हणजे जागा आयती तयार आहे. मराठीत हॉबी लातूरचा करा की! "काय करलालास बे?" असं म्हणत गिटार घेऊन तो कुणाच्या बापाला घाबरणार नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: बोलीत बोललं की कॉमेडी वाटतं. कॉमेडी वाटतं कारण वर्षानुवर्षं आपण ती नोकर आणि बावळटांच्याच तोंडी दिली. 'सैराट'नं २०१६ मध्ये करमाळ्याकडची भाषा नायक-नायिकेच्या तोंडी दिली, तेव्हा कोण हसलं? त्याआधी २०१४ मध्ये आमच्या लातूरच्या रितेश देशमुखनं मराठी नायक म्हणून पदार्पण केलं त्या सिनेमाचं नावच 'लय भारी' होतं.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे: हिंदी सगळ्यांनाच कळते, मग मराठीचा खर्च कशाला? कळते हो. पण ताईच्या गल्लीत संध्याकाळी जाऊन बघा. शेंगदाणे, अभ्यास, आईची बोलणी, सगळं मराठीत चालतं, आणि तलवारी निघाल्या की पोरं हिंदीत! "रुक जा, मैं तुझे नहीं छोडूंगा!" कारण शूर माणसं हिंदीत बोलतात हे त्यांनी कार्टूनमध्ये रोज पाहिलंय. घरची भाषा रडायला आणि जेवायला, पराक्रम दुसऱ्या भाषेत. मला भीती या वाटणीची वाटते. मी होस्टेलवर अठराव्या वर्षी जे शिकलो ते ही पोरं सहाव्या वर्षीच शिकायलीत, आणि कोणी हसायचीसुद्धा गरज पडत नाही.

थोडा दोष आपलाही आहे. २०२३ ला भाच्याला घेऊन गेलो तेव्हा थिएटरात हिंदी खेळ होता. मराठी कधी आहे, हे मी खिडकीवर विचारलंसुद्धा नाही. तिकिटं काढली, पॉपकॉर्न घेतलं आणि आत जाऊन बसलो. मागणी दिसलीच नाही तर खेळ कोण लावेल? पुढच्या भागाच्या वेळी विचारणार आहे. नांदेड-लातूरकर मंडळी, तुम्हीही विचारा.

असो. परवा शेवटी भाच्यानं ट्रेलरचा आवाज बंद केला. सगळे स्पायडरमॅन मायल्सच्या मागं धावतात तो सीन होता, आणि हा ओरडला, "ए मायल्स, तिकडं कुठं पळायलास, थांब की!" ताई भांडी घासता घासता बाहेर आली आणि म्हणाली, पुन्हा लाव रे, मी नाही बघितलं.