वरच्या मजल्याचं बिल

मे महिन्याची बिलं आली की आमच्या सोसायटीत जिन्यातच तुलना सुरू होते, आणि दरवर्षी गच्चीखाली राहणाऱ्या काकूंचं बिल सगळ्यांत फुगलेलं निघतं. मग सल्ले सुरू: दिवे बंद करा, मोबाइलचा चार्जर काढून ठेवा. अहो, एलईडी दिवा नऊ वॅटचा! रात्री अकरा वाजता काकूंच्या भिंतीला हात लावून पाहा, तव्यासारखी तापलेली असते. दिवसभर प्यालेलं ऊन काँक्रीट रात्री घरात सोडतं, म्हणून त्यांचे पंखे थांबत नाहीत. साधा पंखा पंच्याहत्तर वॅटचा धरला, सोळा तास चालला, तर दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. असे तीन पंखे महिन्याला शंभरी ओलांडतात आणि महावितरणचा पुढच्या टप्प्याचा चढा दर लागू होतो, फ्रिज-मिक्सर तर अजून मोजलेच नाहीत. एसी हा त्यापुढचा नाइलाज. माझं स्पष्ट मत आहे: घरातली विजेची मागणी घरच्यांच्या सवयींपेक्षा घर बांधणाराच जास्त ठरवतो. छज्जा नाही, समोरासमोर खिडक्या नाहीत, पश्चिमेला सगळी काच, आणि वर उघडी गच्ची. याचे हप्ते राहणारा आयुष्यभर बिलातून फेडतो. गच्चीला पांढरा चुना मारायचा खर्च सोसायटीने सर्वांच्या वर्गणीतून करावा, एकट्या काकूंच्या माथी मारू नये, आणि तो मार्च उजाडण्याआधीच व्हावा.