संचालक मंडळाला गुण कोणी द्यायचे?

जुलै-ऑगस्टमध्ये कंपन्यांचे वार्षिक अहवाल ई-मेलवर येऊन पडू लागतात. बहुतेक भागधारक लाभांशाचा आकडा पाहतात आणि फाइल बंद करतात. या वर्षी आणखी पाच मिनिटे द्या. संचालकांच्या अहवालात मंडळाच्या मूल्यमापनाबद्दलचा परिच्छेद शोधून वाचा. कंपनी कोणतीही असो, मजकूर थोड्याफार फरकाने तोच सापडेल: मंडळाचे, समित्यांचे आणि प्रत्येक संचालकाचे वार्षिक मूल्यमापन प्रश्नावलीद्वारे झाले, त्यासाठी उपस्थिती, पूर्वतयारी आणि चर्चेतला सहभाग हे निकष लावले, आणि संचालकांनी मूल्यमापनाच्या प्रक्रियेबद्दल समाधान व्यक्त केले. समाधान आहे ते प्रक्रियेबद्दल. मंडळाने काम चांगले केले की वाईट, यावर तिथे अवाक्षर नसते.

कंपन्या यात नियम मोडत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३४ एवढेच सांगते की मूल्यमापन कोणत्या पद्धतीने केले ते अहवालात लिहा. त्यातून काय निघाले ते लिहा, असे ते म्हणत नाही. सेबीने जानेवारी २०१७ मध्ये यावर सविस्तर मार्गदर्शक टिपण काढले. मग कंपन्यांच्या कारभारावरील कोटक समितीच्या शिफारशींनंतर मे २०१८ च्या परिपत्रकात आणखी एक पाऊल टाकले: या वर्षीची निरीक्षणे, गेल्या वर्षीची निरीक्षणे व त्यांवर केलेली कारवाई, आणि पुढे काय करणार, हे तिन्ही कंपन्यांनी जाहीर करण्याचा विचार करावा. अगदी योग्य तीन गोष्टी. पण 'विचार करावा' म्हटल्यावर बहुतेकांनी तो विचार तिथेच सोडून दिला.

प्रत्यक्षात हे काम चालते कसे? आर्थिक वर्ष संपत आले की कंपनी सचिव प्रत्येक संचालकाला प्रश्नावली पाठवतात. बैठका पुरेशा होतात का, कागदपत्रे वेळेवर मिळतात का, अध्यक्ष सर्वांना बोलू देतात का. प्रत्येक प्रश्नासमोर एक ते पाच गुण. मंडळ आठ-दहा जणांचे. अध्यक्ष पुष्कळदा स्वतः प्रवर्तक किंवा त्यांच्या घरातले, आणि त्यांच्याच पसंतीने आलेली माणसे त्यांना गुण देणार. स्वतंत्र संचालकाचे मूल्यमापन तो स्वतः सोडून उरलेले सगळे मंडळ करते. त्यात प्रवर्तकही आले आणि व्यवस्थापकीय संचालकही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीनुसार त्याची पुनर्नियुक्ती याच मूल्यमापनाच्या आधारे ठरते. म्हणजे ज्याला अडचणीचे प्रश्न विचारायचे, त्याच्याच गुणांवर पुढची पाच वर्षे अवलंबून. या एका तरतुदीने स्वतंत्र संचालकाचे तोंड जितके बंद होते, तितके दुसऱ्या कशानेही होत नसेल.

म्हणून मला सत्यम या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या मंडळाची १६ डिसेंबर २००८ ची बैठक पुन्हा पुन्हा आठवते. त्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, पेंटियम चिपशी ज्यांचे नाव जोडले जाते ते अभियंता होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते, माजी कॅबिनेट सचिव होते. उत्तम कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार कंपनीला त्याच वर्षी मिळाला होता. आजची प्रश्नावली त्या मंडळापुढे ठेवली असती, तर अनुभव, वैविध्य, प्रतिष्ठा या सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी गुण पडले असते. त्या दिवशी मंडळापुढे प्रस्ताव आला तो कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा. माहिती तंत्रज्ञानातल्या कंपनीने आपली रोकड मालकांच्याच घरच्या जमीन-बांधकामाच्या व्यवसायात घालायची. काही प्रश्न विचारले गेले, आणि प्रस्ताव मंजूर झाला. तो रोखला गुंतवणूकदारांनी. त्यांचा संताप इतका उसळला की काही तासांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, राजूंचे कबुलीपत्र आले. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

खोटी शिल्लक मंडळाला कळली नाही, हे समजू शकते. ती लेखापरीक्षकांनीही उघड केली नाही. पण मेटासचा प्रस्ताव लपवलेला नव्हता, तो कार्यक्रमपत्रिकेत समोर होता. मंडळाचे मोल अशा दिवशी ठरते. उपस्थिती, पूर्वतयारी, सहभाग हे सगळे असूनही 'नाही' म्हणणारा माणूस त्या खोलीत नसेल, तर बाकीच्या गुणांना अर्थ उरत नाही.

मग मोजायचे काय? माझे मत स्पष्ट आहे: इतिवृत्त वाचा. वर्षभरात व्यवस्थापनाचे किती प्रस्ताव मंडळाने परत पाठवले, किती बदलून मंजूर केले, कोणाचे असहमतीचे मत नोंदले गेले. विषयपत्रिकेची शेकडो पाने संचालकांच्या हाती बैठकीच्या किती दिवस आधी पडली. संबंधितांशी होणाऱ्या व्यवहारांवर लेखापरीक्षण समितीने किती वेळ दिला. गेल्या बैठकीत मागितलेली माहिती पुढच्या बैठकीत आली का. यातले काहीही एक ते पाचच्या पट्टीवर बसवायची गरज नाही. हे सारे नोंदींतून उघड दिसते. स्वतंत्र संचालकांनी वर्षातून किमान एकदा व्यवस्थापनाला बाहेर ठेवून स्वतंत्र बैठक घ्यावी आणि मिळणाऱ्या माहितीचा दर्जा, प्रमाण व वेळ तपासावी, असे कायदाच सांगतो. ती बैठक किती वेळ चालली, एवढे जरी अहवालात आले तरी पुष्कळ कळेल.

आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या समूहाचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय, भागधारकांत आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँक, समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारच्या अर्जावरून ते मंडळ बरखास्त झाले. नंतर समोर आले की कंपनीची जोखीम व्यवस्थापन समिती आधीच्या काही वर्षांत फक्त एकदाच भेटली होती. हे शोधायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती, बैठकांचे रजिस्टर उघडून पाहणे पुरेसे होते. भविष्य निर्वाह निधींचे पैसे समूहाच्या रोख्यांत अडकले. नोकरदारांच्या घामाच्या पैशांचा प्रश्न असतो तेव्हा मंडळाचे मूल्यमापन हा कागदोपत्री उपचार राहूच शकत नाही.

आणि महाराष्ट्रात 'संचालक' म्हटले की सहकारी बँक आणि साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. सहकार कायद्याखालच्या या मंडळांना कंपनी कायद्याचे मूल्यमापनाचे कलम लागूही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली, कारण बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली निघाली. तिथल्या मंडळाला कोणी काय विचारले होते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो मी लिहिणार आहे.

गोपनीयतेची ढाल पुढे केली जाईल, हे मला ठाऊक आहे. नावे जाहीर झाली तर बैठकीत कोणी मोकळे बोलणार नाही, हा युक्तिवाद मला पटतोही. पण नावे कोण मागते आहे? 'जोखीम समितीला पुरेसा वेळ मिळत नव्हता, तो वाढवला' हे एक वाक्य लिहायला कोणाचे नाव लागत नाही. ब्रिटनच्या कारभार संहितेत मोठ्या कंपन्यांनी बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन करून घ्यावे, अशी अपेक्षा २०१० पासून आहे, आणि तो कोण हे सांगावे, अशीही अपेक्षा नंतर आली. सेबीने २०१८ च्या परिपत्रकातला 'विचार करावा' काढून तिथे 'करावे' घालावे. बाकी चौकट तयारच आहे.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. सूचिबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नियुक्तीला आणि पुनर्नियुक्तीला साधारणपणे विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. ई-मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. मत देण्याआधी कंपनी सचिवांना दोन ओळींचा मेल लिहा: गेल्या वर्षीच्या मूल्यमापनातून काय उणे निघाले, आणि त्यावर काय केले? उत्तर आले नाही, तर पुनर्नियुक्तीच्या ठरावाविरुद्ध मत द्या.